सायनुसायटिस आणि आहार

सायनुसायटिस (नासाकोटरशोथ) म्हणजे नाकाच्या भोवती चेहऱ्याच्या हाडांत असलेल्या पोकळ्यांच्या आतील अस्तराला येणारी सूज होय. या पोकळ्यांना नासाकोटरे किंवा सायनस म्हणतात. नाकाच्या अस्तराला सूज आल्याशिवाय कोटरांना सूज येणे विरळच असते. म्हणून वैद्यकात आता या विकाराला ऱ्हायनोसायनुसायटिस असे नाव अधिक रूढ आहे. नाक चोंदणे, घट्ट शेंबूड येणे, चेहऱ्यावर दाब किंवा वेदना जाणवणे आणि गंधज्ञान मंदावणे ही त्याची मुख्य लक्षणे होत.

या विकारात काय खावे आणि काय टाळावे याविषयी महाराष्ट्रात घरोघरी अनेक समजुती आहेत. उपलब्ध अभ्यासांनुसार कोणताही एक पदार्थ सायनुसायटिस बरा करीत नाही आणि बहुतेक रुग्णांना कोणताही नेहमीचा पदार्थ वर्ज्य करण्याचे कारण नसते. तथापि मधुमेह, ॲस्पिरिनमुळे बळावणारा श्वसनविकार, दातांतील संसर्ग आणि चुकीने सायनस समजली गेलेली अर्धशिशी या चार परिस्थितींत आहाराला खरे महत्त्व असते.

नाव आणि परंपरागत वर्णन

आयुर्वेदाच्या ग्रंथांत नाकाच्या विकारांचे सविस्तर वर्गीकरण आढळते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नासारोगांवर स्वतंत्र अध्याय आहेत आणि त्यांत प्रतिश्याय व पीनस या व्याधींची चर्चा केलेली आहे. मराठीतील ‘पडसे’ हा शब्द ‘प्रतिश्याय’ या संस्कृत शब्दाशी जोडला जातो. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या, दुर्गंधीयुक्त स्राव असणाऱ्या पडशाचे जे वर्णन या ग्रंथांत येते, त्याचे आजच्या चिरकारी सायनुसायटिसशी साम्य आहे. मात्र दोन्ही संज्ञा तंतोतंत एक नव्हेत. बोलीभाषेत ‘मला सायनस आहे’ असे म्हटले जाते. वास्तविक सायनस हे शरीराच्या रचनेतील एका भागाचे नाव असून तो प्रत्येकालाच असतो.

युरोपात लिओनार्दो दा विंची याने १४८९ च्या सुमारास कवटीच्या रेखाटनांत या पोकळ्या दाखविल्या होत्या. इंग्रज वैद्य नॅथॅनियल हायमोर याने १६५१ मध्ये गालाच्या हाडातील कोटराचे तपशीलवार वर्णन केले. त्यामुळे या कोटराला पुढे दीर्घकाळ त्याच्याच नावाने ओळखले जाई.

रचना आणि कार्य

नासाकोटरांच्या चार जोड्या असतात : कपाळाच्या हाडातील ललाट कोटरे, गालाच्या हाडातील ऊर्ध्वहनू कोटरे, दोन्ही डोळ्यांच्या मधील झर्झर कोटरे आणि कवटीच्या तळाशी खोलवर असलेली जतूक कोटरे. जन्माच्या वेळी ऊर्ध्वहनू व झर्झर कोटरे लहान स्वरूपात असतात. ललाट कोटरे बालपणी उशिरा विकसित होतात. म्हणूनच अगदी लहान मुलाच्या कपाळदुखीचे कारण ललाट कोटरांत शोधण्यात अर्थ नसतो.

कोटरांच्या आत श्लेष्मल अस्तर असते. त्यावर पातळ, चिकट द्रव सतत स्रवतो आणि हवेतील धूळ व जंतू त्यात अडकतात. अस्तरावरील सूक्ष्म केसांसारख्या पक्ष्माभिका लयबद्ध हालचालीने हा द्रव कोटराच्या छिद्राकडे आणि तेथून नाकात ढकलतात. ऊर्ध्वहनू कोटराचे छिद्र तळाशी नसून भिंतीच्या वरच्या भागात असते. त्यामुळे उभ्या स्थितीत त्याचा निचरा गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध दिशेने, केवळ पक्ष्माभिकांच्या जोरावर होतो. अस्तर सुजून छिद्र बंद झाले अथवा पक्ष्माभिका मंदावल्या की द्रव साचतो. तंबाखूचा धूर पक्ष्माभिकांच्या कार्यात अडथळा आणतो. चुलीच्या धुरानेही अस्तराचा दाह होतो.

प्रकार आणि कारणे

बारा आठवड्यांच्या आत पूर्णपणे ओसरणाऱ्या विकाराला तीव्र, तर त्याहून अधिक काळ टिकणाऱ्या विकाराला चिरकारी सायनुसायटिस म्हणतात. काही देशांत तीव्र प्रकाराची मर्यादा चार आठवडे धरली जाते.

तीव्र प्रकार बहुधा साध्या पडशाच्या विषाणूंमुळे होतो आणि सात ते दहा दिवसांत आपोआप कमी होऊ लागतो. विषाणुजन्य पडशांपैकी शंभरांत फार तर दोनांमध्ये त्यावर जीवाणूंचा संसर्ग चढतो. स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए, हीमोफायलस इन्फ्लुएंझी आणि मोराक्सेला कॅटारॅलिस हे त्यांतील प्रमुख जीवाणू होत. शेंबूड पिवळा अथवा हिरवा होणे हा जीवाणुसंसर्गाचा पुरावा नव्हे. पांढऱ्या रक्तपेशींमुळेही तो रंग येतो. लक्षणे दहा दिवसांनंतरही कमी न होणे, किंवा थोडा उतार पडल्यावर पुन्हा ताप व वेदना वाढणे, या खुणा अधिक विश्वसनीय मानल्या जातात.

चिरकारी प्रकारात संसर्गापेक्षा दीर्घकालीन दाहाचा भाग मोठा असतो. नाकातील मांसल गाठी (पॉलिप), ॲलर्जी, दमा, बुरशी आणि दातांतील संसर्ग यांचा त्याच्याशी संबंध आढळतो. नाकाचे वाकडे पडदेही काही रुग्णांत निचऱ्याला अडथळा करतात.

सायनसची डोकेदुखी आणि अर्धशिशी

‘सायनसमुळे डोके दुखते’ असे स्वतःच निदान करणारे अनेक रुग्ण प्रत्यक्षात अर्धशिशीने (मायग्रेन) त्रस्त असतात. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायनसची डोकेदुखी असल्याचे सांगणाऱ्या २,९९१ व्यक्ती तपासण्यात आल्या. त्यांपैकी ८८ टक्के व्यक्तींची लक्षणे अर्धशिशीच्या प्रकारात बसत होती. अर्धशिशीतही नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते आणि कपाळावर दाब जाणवतो, त्यामुळे ही गल्लत होते.

आहाराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. जेवणाची वेळ चुकणे, दीर्घ उपवास, अपुरी झोप, पाणी कमी पिणे आणि चहा-कॉफीची नेहमीची वेळ टळणे यांमुळे अर्धशिशीचा झटका येऊ शकतो. संकष्टी किंवा एकादशीच्या दिवशी हमखास उठणारी डोकेदुखी सायनसची समजून दही आणि केळी सोडण्यापेक्षा जेवणाच्या वेळा नियमित ठेवणे अधिक उपयोगी ठरते. प्रकाश किंवा आवाज सहन न होणे, मळमळ होणे आणि डोके ठणकणे ही लक्षणे असून घट्ट स्राव नसेल, तर अर्धशिशीची शक्यता विचारात घेतली जाते.

उपचारांची रूपरेषा

तीव्र विषाणुजन्य प्रकारात विश्रांती, पॅरासिटामॉलसारखे वेदनाशामक आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे एवढे बहुधा पुरेसे असते. प्रतिजैविके विषाणूंवर परिणाम करीत नाहीत. ती जीवाणुसंसर्गाची स्पष्ट चिन्हे असतानाच, वैद्यांच्या सल्ल्याने दिली जातात. नाक मोकळे करणारे थेंब काही दिवसांहून अधिक वापरल्यास ते थांबविताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते. चिरकारी प्रकारात नाक नियमित धुणे आणि नाकात फवारण्याचे स्टेरॉइड हे उपचारांचे मुख्य आधार आहेत. त्यांनी गुण न आल्यास दुर्बिणीच्या साहाय्याने शस्त्रक्रिया करून कोटरांची छिद्रे मोकळी केली जातात. आहारातील बदल या उपचारांना पूरक आहेत, पर्यायी नाहीत.

आहाराविषयीच्या समजुती आणि पुरावा

ऊन पेये व सार. आजारपणात ऊन पातळ पदार्थ देण्याची प्रथा जगभर आढळते. महाराष्ट्रात मुगाचे कढण, कुळथाचे कळण, टोमॅटोचे सार, भाताची पेज, मांसाहारी घरांत पायाचे सूप अथवा कोंबडीचा पातळ रस्सा दिला जातो. अमेरिकेत १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात ऊन पाणी आणि कोंबडीचे सूप प्यायल्यावर नाकातील श्लेष्म्याचा प्रवाह वेगवान झाल्याचे दिसले. मात्र हा परिणाम अल्पकाळ टिकला. वेल्समधील कार्डिफ येथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऊन पेयाने नाकातील हवेच्या प्रवाहात मोजता येण्याजोगा फरक पडला नाही, परंतु शिंका, खोकला, घसादुखी आणि थंडी वाजणे यांत रुग्णांना तत्काळ आराम जाणवला. ऊन पदार्थांचा लाभ अशा प्रकारे प्रामुख्याने आरामाचा आहे. शिवाय भूक मंदावलेल्या रुग्णाच्या पोटात त्यांमधून पाणी, मीठ आणि थोडी प्रथिने जातात. गरजेपेक्षा जास्त पाणी पिण्याने सायनस लवकर बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. हृदयविकार अथवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असलेल्यांनी ती पाळणे आवश्यक असते.

दूध. दुधाने कफ वाढतो ही समजूत भारताप्रमाणेच पाश्चात्य देशांतही आहे. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे साठ निरोगी स्वयंसेवकांना पडशाच्या विषाणूचा मुद्दाम संसर्ग करून, त्यांनी प्यायलेले दूध आणि त्यांच्या नाकातील स्रावाचे वजन यांची नोंद ठेवण्यात आली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोहोंत संबंध आढळला नाही. दूध लाळेत मिसळल्यावर तोंडात व घशात दाट थर जाणवतो आणि त्यालाच कफ समजले जाते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. दुधाची खरी ॲलर्जी असणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे.

दही, केळी आणि ‘थंड’ पदार्थ. आयुर्वेदाच्या परंपरेत हे पदार्थ कफकारक मानले जातात आणि रात्री दही वर्ज्य सांगितले जाते. आधुनिक चाचण्यांत या पदार्थांमुळे सायनुसायटिस होतो असे दिसून आलेले नाही. एखाद्या व्यक्तीला ते खाल्ल्यावर त्रास वाढल्याचे जाणवत असेल, तर तिने आजारपणापुरते ते टाळण्यात हानी नाही. मात्र वाढत्या वयातील मुले, गर्भवती आणि वृद्ध यांचे दूध-दही, फळे वर्षानुवर्षे बंद ठेवल्यास कॅल्शियम व प्रथिनांची उणीव निर्माण होऊ शकते.

तिखट व सुगंधी पदार्थ. मिरचीतील कॅप्सेसिनमुळे नाकातून पातळ पाणी वाहते आणि क्षणभर मोकळे वाटते. पुदिना व निलगिरी यांचा वास घेतल्यावर थंडावा जाणवतो. पुदिन्यातील मेंथॉल नाकातील थंडीची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंना उद्दीपित करते. प्रत्यक्षात हवेचा मार्ग रुंदावत नाही. फार तिखट जेवणाने आम्लपित्त वाढल्यास घशाशी येणारे आम्ल उलट त्रासदायक ठरू शकते.

हळद, आले, लसूण. प्रयोगशाळेत या पदार्थांतील काही घटकांचे दाहशामक गुण दिसले आहेत. परंतु हळदीतील कुरक्युमिन आतड्यांतून फारच थोडे शोषले जाते. स्वयंपाकातील प्रमाणात हे पदार्थ हितकर व निर्धोक आहेत. लसणाच्या पाकळ्या किंवा ओव्याची पुरचुंडी थेट नाकपुडीत घालणे मात्र अपायकारक आहे, कारण त्याने अस्तराचा दाह होतो.

क जीवनसत्त्व. एकत्रित केलेल्या चाचण्यांनुसार क जीवनसत्त्व नियमित घेणाऱ्या सर्वसामान्य लोकांना पडसे होण्याचे प्रमाण कमी होत नाही. पडशाचा कालावधी मात्र प्रौढांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत सुमारे १४ टक्के घटतो. लक्षणे सुरू झाल्यावर गोळ्या घेतल्यास निश्चित लाभ दिसलेला नाही. प्रौढाची रोजची गरज सहज भागविण्यास एक पेरू पुरेसा असतो. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. आवळा, लिंबू, संत्रे, शेवग्याचा पाला आणि कोथिंबीर हेही चांगले स्रोत आहेत.

काढे आणि मध

कोविड-१९ च्या साथीत, २०२० मध्ये, भारत सरकारच्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ व मनुका यांच्या काढ्याची शिफारस केली आणि घरोघरी काढ्याचे प्रमाण वाढले. मर्यादित प्रमाणात काढा हे एक ऊन पेयच होय. अतिरेक केल्यास काही घटक बाधतात. ज्येष्ठमध रोज मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. बाजारात मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन असते व ते दीर्घकाळ जास्त घेतल्यास यकृताला अपाय करू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी नियमित काढा सुरू करण्यापूर्वी वैद्यांना विचारणे इष्ट असते.

मधाने खोकल्याची उबळ कमी होते. एक वर्षाखालील बालकाला मात्र मध चाटवू नये. त्यातील जीवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. घुटी मधातून देण्याची प्रथा आजही काही घरांत असल्यामुळे ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

आहाराला विशेष महत्त्व असलेल्या परिस्थिती

मधुमेह. रक्तातील साखर अनियंत्रित असल्यास संसर्गाशी लढण्याची शक्ती घटते. नासाकोटरांत शिरून डोळा व मेंदूपर्यंत पसरणारा म्यूकरमायकोसिस हा बुरशीजन्य रोग अशा रुग्णांत अधिक होतो. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ या नावाने तो सर्वपरिचित झाला. मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही त्याची प्रमुख कारणे आढळली. महाराष्ट्र हे सर्वाधिक बाधित राज्यांपैकी एक होते. पडसे झालेल्या मधुमेही व्यक्तीला गुळाचा काढा, मध-आले, साखर घातलेले हळद-दूध दिवसातून अनेकदा दिल्यास साखर वाढते. आजारपणात ती मुळातच वर जात असते. अशा व्यक्तीला काढा व दूध बिनसाखरेचे देणे, साखरेची तपासणी अधिक वेळा करणे आणि वैद्यांनी सांगितल्याखेरीज औषध न थांबविणे हेच तिच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पथ्य होय.

ॲस्पिरिनमुळे बळावणारा श्वसनविकार. दमा, नाकातील पॉलिप आणि ॲस्पिरिन वा तत्सम वेदनाशामकांनी उद्भवणारा त्रास असे त्रिकूट काही रुग्णांत आढळते. फ्रान्समध्ये विदाल यांनी १९२२ मध्ये त्याची नोंद केली आणि १९६८ मध्ये अमेरिकेत सॅम्टर व बीअर्स यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. या रुग्णांपैकी बहुसंख्यांना मद्य घेतल्यावर नाक चोंदण्याचा किंवा धाप लागण्याचा त्रास होतो. नैसर्गिक सॅलिसिलेट कमी असलेल्या आहाराने लक्षणे घटल्याचे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. परंतु सॅलिसिलेट मसाल्यांत व अनेक फळांत असल्यामुळे असा आहार भारतीय स्वयंपाकात पाळणे अवघड जाते आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय तो सुरू करू नये असे सांगितले जाते.

अन्नाची ॲलर्जी. अन्नाच्या ॲलर्जीत अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, उलटी किंवा धाप लागणे ही लक्षणे खाल्ल्यानंतर लवकर दिसतात. केवळ नाक चोंदणे हे एकमेव लक्षण क्वचितच असते. धूळ, धुळीतील सूक्ष्म किडे, परागकण आणि पावसाळ्यातील बुरशी यांची ॲलर्जी कितीतरी अधिक आढळते. त्यामुळे ताटातील पदार्थ एकेक कमी करण्यापूर्वी अंथरूण-पांघरूण, ओल्या भिंती आणि घरातील धूर यांकडे लक्ष देणे सयुक्तिक ठरते.

दातांतील संसर्ग. वरच्या दाढांची मुळे ऊर्ध्वहनू कोटराच्या तळाला लागून असतात. किडलेल्या दाढेतील संसर्ग कोटरात पसरल्यास एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येतो. दाढेवर उपचार झाल्याशिवाय हा प्रकार बरा होत नाही. वारंवार गोड व चिकट पदार्थ खाणे टाळणे आणि दातांची निगा राखणे हा त्याचा प्रतिबंध होय.

गंधज्ञान मंदावल्यावर

नाक चोंदल्याने पदार्थांचा स्वाद लागत नाही व जेवण नकोसे होते. वृद्धांमध्ये यामुळे वजन घटते, किंवा चव यावी म्हणून मीठ, लोणचे व पापड यांचे प्रमाण वाढून रक्तदाब चढतो. थोडे थोडे परंतु अधिक वेळा जेवणे, मिठाऐवजी लिंबू, कोकम, चिंच यांची आंबट चव आणणे आणि कोशिंबीर वा भाजलेल्या शेंगदाण्यांनी खाण्याला कुरकुरीतपणा देणे उपयोगी पडते. शिळे अन्न व गॅसची गळती वासाने ओळखता येत नसल्याने घरातील दुसऱ्या व्यक्तीने त्याकडे लक्ष देणे आवश्यक असते.

नाक धुणे आणि वाफ

योगाभ्यासातील जलनेती ही क्रिया आधुनिक उपचारांतही स्वीकारली गेली आहे. इंग्लंडमध्ये ८७१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वारंवार होणाऱ्या व चिरकारी लक्षणांत नाक धुण्याने माफक सुधारणा दिसली; वाफेने मात्र लक्षणांत विशेष फरक पडला नाही. वाफेने काही काळ बरे वाटते, परंतु उकळत्या पाण्याचे भांडे सांडून भाजण्याचा धोका असल्याने लहान मुलांना ती देऊ नये.

नाक धुण्यासाठी अर्धा लिटर पाण्यात सुमारे साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा लहान चमचा भरण्यास थोडे कमी, घेतले जाते. पाणी आधी उकळून कोमट केलेले असावे. थेट नळाचे किंवा विहिरीचे पाणी वापरू नये. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोन व्यक्तींचा नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाच्या संसर्गाने मृत्यू झाला होता. हेच पाणी प्यायल्यास हा संसर्ग होत नाही. नाकात गेल्यास अमीबा मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. भांडे प्रत्येक वेळी धुऊन कोरडे ठेवावे लागते.

तातडीची लक्षणे

पुढील लक्षणांत घरगुती उपाय व पथ्य यांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालयात जाणे आवश्यक असते :

– डोळ्याभोवती सूज किंवा लाली येणे, दृष्टी अधू होणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे
– तीव्र डोकेदुखीसह मान ताठरणे, गुंगी येणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे
– कपाळावर मऊ, दुखरी सूज येणे
– सतत चढता ताप
– मधुमेही किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्तीच्या नाकात अथवा टाळूवर काळसर खपली दिसणे, चेहऱ्याचा एक भाग बधिर होणे

याखेरीज दहा दिवसांनंतरही उतार न पडणे, वर्षातून अनेकदा त्रास होणे, किंवा सतत एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित वा दुर्गंधीयुक्त स्राव येणे ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्याची कारणे आहेत.